बेटांवरची आखाजी

परवा बाजारातून येताना रिक्षात बसले आणि आपोआप एका कडेला सरकले. रिक्षावाला आपल्या कॉलनीच्या नाक्यावरचाच. त्यानं मागं वळून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, अजून कोणी येणार आहे का?" मी म्हटलं, नाही रे बाबा, चल. पण भाजीची पिशवी काही मी त्या मोकळ्या जागेवर ठेवली नाही. मांडीवर धरूनच घरी आले. मेथीनं पदर ओला झाला तो झालाच. शेजारची जागा मोकळी सोडायची ही सवय तुमची. तिच्यावरून मी इतकी वर्षं तुमच्यावर चिडले, आणि तुम्ही जाऊन दोन महिने होत नाहीत तोवर ती मला चिकटली. आता बोला.

काल नाना आले होते गावाहून. तुमचे चुलतभाऊ, वयानं तुमच्याहून धाकटे, पण बोलणं असं की सगळी भाऊबंदकी त्यांच्याच खांद्यावर आहे. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, मग त्यांनी विषय काढला. आखाजी आठवड्यावर आली. यंदा तुमची पहिली घागर. ती सुनीलनं भरावी, गावाकडचे लोक येतील, पुरण जास्त घालावं. इथपर्यंत ठीक होतं. मग तुमच्या मायवर आले. म्हणाले, वहिनी, आता काकूची वेगळी घागर भरायचं कारण नाही. भरणारा गेला, तो तिच्यात जाऊन मिळाला, आता एकच पुरे. सुनील माझ्याकडं बघत राहिला. आपल्या पोराला ऐन वेळी बोलणं सुचत नाही, तुमच्यावर गेला आहे. मी नानांना म्हटलं, बघते. मी "बघते" म्हटलं की त्याचा अर्थ काय होतो हे तुम्हाला ठाऊक होतं. नानांना नाही.

आमच्या शाळेत पुण्याकडून बदलून आलेल्या बाईंना मला आखाजी समजावून सांगावी लागायची. त्यांना अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा मुहूर्त. मी सांगायची, आमच्याकडं हा माहेरवाशिणींचा सण, झाडाझाडाला झोके, पुरुष दिवसभर पारावर पत्ते कुटणार, आणि या सगळ्याच्या आधी सकाळी पितरांची घागर. नवी मातीची घागर पाण्यानं भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, चुलीतल्या निखाऱ्यावर तूप आणि घास टाकून आगारी द्यायची. गेलेल्या माणसाचं जेवण झालं की मग घरातल्यांनी जेवायचं. एवढं सांगून मी थांबायची. आमच्या घरात याच दिवशी एक माणूस जन्मलं आणि त्याच दिवशी एक माणूस गेलं, हे मी कोणाला सांगितलं नाही.

तुमच्या दाखल्यावर एक जून होती. मास्तरांनी गावातल्या अर्ध्या पोरांना एक जूनलाच जन्माला घातलं होतं. त्याच तारखेच्या हिशेबानं तुम्ही पाटबंधारे खात्याच्या जीपची किल्ली परत करून निवृत्त झालात. खरा जन्म आखाजीचा. पांझरेच्या काठच्या त्या घरात सकाळी तुम्ही आलात आणि दिवस वर यायच्या आत तुमची माय गेली. एकोणीस वर्षांची होती म्हणे. फोटो नाही, काही नाही. हनुवटीवर गोंदण होतं, हात लांब होते आणि ती फार जोरात हसायची, एवढंच तुमच्या आत्याबाई सांगायच्या. त्याच आत्याबाईंनी तुम्हाला वाढवलं आणि त्यांनीच तुम्हाला कळायला लागल्यावर ते वाक्यही सांगितलं. "तू उना आन् ती गयी." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. तू आलास आणि ती गेली, जे घडलं ते त्यांनी सांगितलं. पण चार वर्षांच्या पोरानं ते ऐकलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मी पाचोऱ्याला माहेरी होते, झोक्यावर. दुसऱ्या वर्षी सासरी होते, तेव्हा पाहिलं. सगळा गाव पत्ते खेळत होता आणि तुम्ही घागरीसमोर बसला होता. मी ताट वाढून आणलं तर म्हणालात, "आधी तिले, मंग माले." निखारा विझेपर्यंत तुम्ही घोटभर पाणी प्यायला नाहीत. मला तेव्हा तुमचं फार कौतुक वाटलं. किती मातृभक्त नवरा मिळाला म्हणून मी बहिणीला पत्र लिहिलं. ते कौतुक चार-पाच वर्षांत ओसरलं. तुम्हाला त्या दिवशी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तर तुम्ही असे बघायचात, जशी काही मी चोराला शाबासकी दिली.

तुमची साठी आपण घराबाहेर करायची, हे मी ठरवलं. कटच म्हणा. माझा धाकटा भाऊ रमेश तेव्हा अंदमानात नोकरीला होता. अक्का, दाजींना घेऊन ये, म्हणून त्यानं इतक्यांदा लिहिलं होतं. आखाजी सुट्टीत येते, शाळेची अडचण नव्हती. मी म्हटलं, चला, समुद्र ओलांडू. तिथं ना गाव, ना भाऊबंद, ना चूल. एक दिवस तुमचा तुम्हाला मिळू दे. तुम्ही तीन दिवस बोलला नाहीत. मग म्हणालात, तुला पोर असताना कॉलेजला पाठवलं, मास्तरीण केलं, तेव्हापासून तुझं ऐकायची खोड लागली. तेही खरंच आहे. सुनील पाळण्यात असताना मला डी.एड.ला घातलंत, सासऱ्यांचं ऐकून घेतलंत आणि सायबाला सोडून परत येताना जीप कॉलेजच्या फाटकासमोर उभी करून ठेवायचात. तुमच्या साठ वर्षांतला एक दिवस मागून घ्यायचा हक्क मला होता असं मला वाटत होतं.

भुसावळहून कलकत्त्याची गाडी, मग जहाज. जहाजावर सगळे ओकत होते आणि तुम्ही कठड्याला टेकून निवांत. म्हणालात, "एवढं पानी आनि पाट एक नही." जन्मभर कालव्याच्या कडेनं जीप चालवलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार. मी खूप हसले. मला वाटलं, सुटले हे. पाणी लागलं की सुटले.

रमेशनं मित्राची जुनी जीप मिळवून ठेवली होती. पोर्ट ब्लेअरहून उत्तरेला मायाबंदरपर्यंत रस्ता जातो. एक बेट संपतं, गाडी तराफ्यासारख्या बोटीवर चढवायची, दुसरं बेट लागतं, पुन्हा रस्ता. रमेशनं ड्रायव्हर देऊ केला तर तुम्ही त्याच्याकडं असं पाहिलंत की त्यानं किल्ली तुमच्याच हातात दिली. निघायच्या सकाळी मी बॅग मागच्या बाकावर टाकली. तुम्ही काही न बोलता उचलली आणि पायाशी ठेवलीत. सांजोऱ्यांचा डबा ठेवला, तोही उचलून माझ्या मांडीवर दिलात. मी म्हटलं, मागं सगळं बाकडं रिकामं आहे, मी काय हमाल आहे का? तुम्ही म्हणालात, असू दे. मला वाटलं, ड्रायव्हरची सवय. मागची जागा सायबाची.

पुढं जंगल लागलं. आपल्याकडं जंगल म्हणजे सातपुड्याचा साग, उन्हाळ्यात पानं गळून मोकळा झालेला. आखाजीच्या दिवसांत तर जळगावला सावली शोधावी लागते. इथं भर दिवसा संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. झाडांवर वेली, वेलींवर वेली, आणि घामानं पोलकं अंगाला चिकटलेलं. गाड्या एका रांगेत, पुढं पोलीस, आदिवासींचा राखीव भाग म्हणून मध्ये थांबायची परवानगी नाही. सगळ्या गाड्या खड्ड्यांतून आदळत पळत होत्या आणि तुम्ही प्रत्येक खड्डा इतका हळू घेत होता की मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवून जीव नको केला. मी म्हटलं, अहो, कालव्यावर उडवायचात जीप, आता काय झालं? तेव्हा माझं लक्ष आरशाकडं गेलं. तुम्ही तो खाली वळवला होता. त्याच्यात मागचा रस्ता दिसत नव्हता, मागचं बाकडं दिसत होतं.

मी विचारलं नाही. तुम्हीच बोललात, समोर बघत, अगदी साध्या आवाजात. "मांगे माय बठेल शे. पोर शे ती, धक्का लागी तिले."

ते ऐकून मी मांडीवरचा डबा घट्ट धरला. मी शिकलेली बाई, मुलांना भुताखेतांवर विश्वास ठेवू नका म्हणून शिकवणारी, पण मान वळवून मागं बघायची माझी छाती झाली नाही. बोट येईपर्यंत मी समोरच्या काचेवर डोळे लावून बसले. मध्ये एकदा बांगड्या वाजल्यासारखं झालं. माझ्याच असतील. माझे दोन्ही हात डब्यावर घट्ट होते, तरी माझ्याच असतील. तुम्हीही तो आवाज ऐकलात, कारण तुम्ही हसलात. तसं हसलेलं मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. साठ वर्षांचा माणूस एकोणीस वर्षांच्या पोरीला जपून नेत होता, आणि ती त्याची आई होती.

दुसऱ्या दिवशी आखाजी. दुसऱ्या बोटीच्या धक्क्यावर आपण अडकलो. बोट बिघडली होती, कधी येईल कोणी सांगेना. धक्क्यावर एका बंगाल्याचं हॉटेल होतं, चटईचं छप्पर, दोन बाकं. मी मनात म्हटलं, हरकत नाही, इथंच. निरांजन, कुंकू, सुपारी, सगळं मी पर्समध्ये घेऊन आले होते. दुपारी तुम्हाला पाटावर नाही तर बाकावर बसवून ओवाळणार होते. सांजोऱ्या त्यासाठीच जळगावहून आणल्या होत्या. तुम्ही तोंड धुवायला म्हणून गेलात आणि परत आलात तेव्हा तुमच्या हातात दह्याचं मडकं होतं. बंगाल्याकडून मागून घेऊन स्वच्छ घासलेलं, पाण्यानं भरलेलं. डांगर कुठलं मिळायला, वर एक हिरवा नारळ ठेवला होता. दुसऱ्या हातात करवंटीत निखारे. तुम्ही खारफुटीच्या कडेला बसलात, मडकं मातीवर टेकवलंत आणि डब्यासाठी माझ्याकडं हात पुढं केलात.

मी डबा दिला नाही. झाकण दाबून धरलं. बंगाली, त्याची बायको, ट्रकवाले, सगळे बघत होते. मला कशाचीही लाज वाटली नाही. मी म्हटलं, आज पहिली सांजोरी तुमची. तुम्ही म्हणालात, आधी तिले. मी म्हटलं, साठ वर्षं आधी तिलाच दिलं, ती अजून उपाशी आहे का? तुम्ही म्हणालात, ती मागायला येते. तिचं सगळं मी घेऊन बसलोय, आयुष्य, घर, पोरंबाळं, ती वर्षातून एकदा तिचा घास मागायला येते, तोही देऊ नको म्हणतेस?

मग मी बोलले. त्या दिवशी जे बोलले त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. "ती तुमले देखाले येस. मांगाले नही."

"तुले कसं माहीत?"

"मी माय शे, म्हनीसन."

सुनीलच्या वेळी माझं काय झालं होतं ते तुम्हाला ठाऊक होतं, तुम्ही दवाखान्याच्या पायरीवर बसून होता. पण आत काय झालं ते मी तोवर सांगितलं नव्हतं. त्या धक्क्यावर सांगितलं. रक्त थांबत नव्हतं, नर्स एकमेकींकडं बघत होत्या, आणि आपण जाणार हे मला कळलं होतं. तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं की पोराचं तोंड एकदा दाखवा. त्यानं माझा जीव घेतला असं त्या अवस्थेतही माझ्या डोक्यात आलं नाही. कुठल्याच बाईच्या येत नसणार. तुमच्या मायनं तुमचं तोंड पाहिलं की नाही हे आत्याबाईंनी कधी सांगितलं नाही. पाहिलं नसेल तर ती तेवढ्यासाठीच येते. समुद्र ओलांडून येते. आणि तुम्ही तिच्यासमोर दरवर्षी गुन्हेगारासारखे खाली मान घालून बसता, मग तिला तोंड दिसणार कसं?

तुम्ही मान वर करून माझ्याकडं पाहिलंत. निखाऱ्यांवर राख चढायला लागली होती. तुमचे डोळे भरले, ओठ हलले. मला वाटलं, जिंकले. मग तुम्ही हळूच डबा ओढून घेतलात, एक सांजोरी काढलीत, तूप नव्हतं म्हणून बंगाल्याच्या खोबरेल तेलाचे दोन थेंब त्यावर सोडलेत आणि ती निखाऱ्यावर ठेवलीत. गूळ करपल्याचा वास सगळ्या धक्क्यावर पसरला. बोट आली तरी तुम्ही खाल्लं नाहीत. निरांजन माझ्या पर्समध्ये तसंच राहिलं. मी त्या दिवशी तुमच्याशी बोलले नाही, आणि तुम्ही माझी समजूत काढायला आला नाहीत.

पण मायाबंदरला काय झालं होतं तुम्हाला? तिसऱ्या दिवशी एका रिकाम्या रस्त्यावर तुम्ही जीप थांबवलीत, उतरून माझ्या बाजूला आलात आणि म्हणालात, सरक. साडी खोचून मी आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं. तुम्ही शेजारी बसून क्लच, ब्रेक ओरडत होता. मी जीप सरळ सुपारीच्या बागेत घातली. मालक धावत आला, त्याची भाषा आपल्याला येईना, आपली त्याला. शेवटी त्यानंच आपल्याला शहाळं पाजलं. तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता. नंतर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून समुद्रात उभे राहिलात आणि मला ओढून नेलंत. लाट आली की माझा हात घट्ट धरायचात. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, दिवसाउजेडी चारचौघांत तुम्ही माझा हात तिथं पहिल्यांदा धरलात. तो दिवस तुम्ही मला दिलात. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले. आपल्यात तशी पद्धत नव्हती.

त्यानंतर दर आखाजीला आपलं तेच भांडण. घागर भरून झाली की मी म्हणायची, वर बघा जरा, तोंड दिसू द्या तिला. तुम्ही म्हणायचात, पुढच्या वर्षी. एका वर्षी चेष्टेनं, एका वर्षी रागानं, पण उत्तर तेच. सुनीलला वाटायचं आई-दादांचं काहीतरी जुनं आहे. सुनेला तर वाटायचं मी देवाधर्माच्या विरुद्ध आहे. मी विरुद्ध नव्हते हो. मला तुमच्या मायचा घास हिसकावून घ्यायचा नव्हता. ज्या दिवशी तुम्ही या जगात आलात त्या दिवसाचा मला आनंद होता आणि तो कुठं ठेवावा हे मला कळत नव्हतं.

माघात तुम्ही अंथरूण धरलंत. एका दुपारी मी तुमच्या पायांना तेल चोळत होते. तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "तू म्हनत व्हती ते खरं व्हई का वं?"

कोणतं, हे मला विचारावं लागलं नाही. माझा हात तुमच्या घोट्यावर थांबला. मी हो म्हणणारच होते, पण नुसतं हो पुरणार नव्हतं, मला सगळं नीट सांगायचं होतं. तेवढ्यात सून चहा घेऊन आली, तिच्यामागं शेजारच्या काकू आल्या, तब्येतीची विचारपूस सुरू झाली. काकू गेल्या तेव्हा तुम्हाला झोप लागली होती. नंतरच्या दिवसांत तुम्ही फारसं बोललाच नाहीत. बोललात ते पाणी द्या, खिडकी उघडा, एवढंच. तो प्रश्न या खोलीत तसाच आहे. मी कपाट आवरते तेव्हा तो असतो, दिवा लावते तेव्हा असतो. तुम्ही दिसत नाही, तुमचा आवाज येत नाही, पण तो प्रश्न कोणीतरी पाठीमागून विचारतंय असं वाटतं आणि मी वळून बघते. हल्ली मी वळून बघते. जंगलात जे जमलं नाही ते आता जमतं, आणि मागं कोणी नसतं.

तिचं तुम्हाला आता कळलं असेल. ती मागायला येत होती की बघायला, हे आता तिलाच विचारता येईल तुम्हाला. मला कळायचा मार्ग नाही. मी बरोबर होते की चूक, हे जाणून घ्यायला मी काय वाटेल ते दिलं असतं. पण तुम्ही तिकडून सांगणार नाही आणि मी इकडून ऐकू शकणार नाही.

सुनीलला मी सकाळी सांगितलं, कुंभाराकडून दोन घागरी आण. नानांना काय सांगायचं ते मी सांगीन. तुमची घागर तो भरेल, पोराचा मान आहे. तुमच्या मायची मी भरणार. बाईनं भरायची नसते असं नाना म्हणतील, म्हणू देत. तिच्यासमोर मी बसणार आणि मान खाली घालणार नाही. तिला तिच्याच बोलीत सांगणार आहे, "माय, तुना पोऱ्या तुनाकडे उना शे. केसं पांढरा व्हई गयात, पन तोच शे, नीट देख. जलमभर तुले वाढीसन मंग जेवना तो. यंदा त्याले आधी वाढ. आज त्याना वाढदिवस शे."

आणि तुम्हाला एवढंच, तिनं वाढलं तर नाही म्हणू नका.